सकाळच्या पाळीचे नकार

माझ्या धंद्यात माणसांविषयी आदर टिकवून धरणं अवघड आहे. मी कधी प्रयत्नही केला नाही.

धंदा असा, की दोन कंपन्यांच्या कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायचं असलं तर मधे एक सॉफ्टवेअर लागतं. एकाचा निरोप घ्यायचा, दुसऱ्याला समजेल असा बांधायचा, पोचवायचा, उत्तर आणून द्यायचं. ते सॉफ्टवेअर मी बसवतो. बोलणं बंद पडलं की का बंद पडलं हे शोधणंही माझ्याच गळ्यात. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. सकाळी दहाला खुर्चीत बसलो की फोन सुरू होतात, आणि प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य एकच असतं, की सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर कधीच डाऊन नसतो. डाऊन काय असतं ते मी तोंडावर बोलून दाखवत नाही, एवढीच माझी सभ्यता.

पुरावा म्हणून ही मंडळी स्क्रीनचा फोटो पाठवतात. फोटोत ट्यूबलाइट दिसते, काढणाऱ्याचं कपाळ दिसतं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, फक्त चूक काय आली ते वाचता येत नाही. ते पुन्हा मागवावं तर म्हणतात, आता ती खिडकी बंद केली. का बंद केली विचारलं, तर लाल रंग बघवत नव्हता.

आणि ते हिरवं बटण. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्शन तपासा’ असं एक बटण आहे. दाबलं की हिरवं होतं. त्याचा अर्थ एवढाच की पलीकडे कुणीतरी जागं आहे. तो तुमचं ऐकून घेईल की हाकलून देईल, हे त्या बटणाला माहीत नसतं. पण हिरवं दिसलं की मॅनेजर लोकांचा जीव भांड्यात पडतो. मग पलीकडच्या कंपनीशी मीटिंग लागते, अकरा जण फोनवर येतात, त्यातले नऊ गप्प बसतात, दहावा म्हणतो, आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणाच्याही बाजूनं सगळं ओके असलं की मला आता संशयच येतो.

मी मूळचा सुप्याचा. जिरायती भागातला. आमच्याकडं पावसाच्या भरवशावर बाजरी पेरणारी माणसं प्रत्येक गोष्ट तीनदा तपासून बघतात, आणि तरी घाबरलेली असतात. इंदापूरच्या बागायती पट्ट्याविषयी म्हणूनच माझ्या मनात लहानपणापासून एक अढी आहे. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला वाटतं, सगळं आपोआप वाहत येतं. हे माझं मत अन्यायाचं आहे हे मला ठाऊक आहे. ते मी बदललेलं नाही.

निमगाव केतकीच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत, डाळिंबाचं एक पॅकहाऊस आहे. आजूबाजूच्या बागांमधून माल येतो, तिथं निवडला जातो, खोक्यात भरला जातो आणि परदेशी जायला निघतो. प्रत्येक लॉट भरला की त्याची माहिती निर्यातदार कंपनीच्या कॉम्प्युटरला पाठवायची, तिकडून नंबर परत येतो, तो नंबर लेबलवर छापून खोक्याला चिकटवायचा. नंबर नाही तर लेबल नाही, आणि लेबल नाही तर खोकं थंड गाडीत चढत नाही. मधला निरोप्या आमचा.

तिथले मॅनेजर पांढरा शर्ट आणि दोन मोबाइल असे गृहस्थ होते. दोन्ही मोबाइल एकाच वेळी वाजले की ते आधी आजूबाजूला बघायचे, कुणी बघतंय का, आणि मग उचलायचे. कॉम्प्युटर, छपाईयंत्र, काटा, कोल्ड स्टोरेजचं दार, सगळ्याला ते सिस्टिम म्हणत. सकाळच्या पाळीला एक बाई ऑपरेटर होत्या, भवानीनगरहून स्कूटीवर येणाऱ्या. वय तिशीच्या पुढं, बीएस्सी झालेल्या, नवरा कारखान्यात. दुपारच्या पाळीला मॅनेजरांचा भाचा होता. काय झालेला होता ते मी विचारलं नाही, कारण भाचा असणं ही तिथं पुरेशी पदवी होती.

बाईंचा तिसरा हंगाम होता, करारावरचा. हंगाम संपला की चार महिने घरी आणि पुढच्या हंगामाला पुन्हा विचारायला जायचं, असं चाललेलं. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी हेड ऑफिसला जायची होती. ऑपरेटरची जागा एकच होती, आणि ती त्यांना मिळणार हे सगळे धरून चालले होते. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, सॉफ्टवेअर शिकवायला गेलो होतो त्या दिवशी. मी मान हलवली होती. शिकवणं म्हणजे काय, तर हे उघडा, हे भरा, हे दाबा. आत काय होतं ते मी सांगितलं नाही. मी ते कुणालाच सांगत नसे. सांगितलं की लोक प्रश्न विचारतात.

हंगाम ऐन भरात असताना निरोप नापास व्हायला लागले. पाठवावं की परत येई: सुरक्षा पडताळणी अयशस्वी. एवढंच. का अयशस्वी, ते पलीकडचा कॉम्प्युटर सांगत नाही. दारावरचा वॉचमन आत सोडत नाही आणि कारणही देत नाही, तसं. आणि नापास व्हायचे ते सगळे सकाळच्या पाळीतले. बाई सात ते दोन बसायच्या, पाठवत राहायच्या, आणि एकही नंबर यायचा नाही. भरलेली खोकी कोल्ड स्टोरेजच्या दाराशी तुंबायची. दोनला भाचा यायचा, तेच लॉट पुन्हा पाठवायचा, आणि दहा मिनिटांत सगळे नंबर हजर. मॅनेजर मला फोनवर अभिमानानं म्हणाले, पोराच्या हाताला गुण हाय.

बाईंनी मला रोज फोन केला. फोटो न पाठवता त्यांनी स्क्रीनवर आलेल्या चुकीचा मजकूर स्वच्छ अक्षरात वहीत उतरवून वाचून दाखवला, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. त्या एकच सांगत होत्या, की सकाळी येऊन बघा, दुपारी काही दिसणार नाही. मी त्यांना म्हणालो, मॅडम, कॉम्प्युटरला सकाळ आणि दुपार कळत नाही. माझ्या बाजूच्या टेबलावरचा सहकारी हसला. मीही हसलो. वाक्य चांगलं जमलं होतं.

निर्यातदार कंपनीनं त्यांच्याकडच्या नोंदी पाठवल्या होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. त्यांच्या नोंदींची वेळ आणि आमच्या नोंदींची वेळ शेजारी ठेवली असती तर चहा संपायच्या आत उलगडा झाला असता. पण जी माणसं सगळं ओके आहे म्हणतात त्यांच्या नोंदी कोण वाचतो?

चौथ्या दिवशी मी गेलो. सकाळी बारामतीतच एक काम काढलं, जेवलो, एकला निघालो. पोचायला सव्वादोन झाले. बाईंची पाळी सुटली होती, तरी त्या थांबल्या होत्या. भाचा खुर्चीत बसलेला, केसांना काहीतरी चोपडलेलं. त्यानं एका बोटानं बटण दाबलं आणि स्क्रीनकडं न बघता माझ्याकडं बघितलं. नंबर आला. दुसरा पाठवला, आला.

मी त्याला उठवलं आणि बाईंना बसायला सांगितलं. मॅनेजर दाराशी उभे होते. बाईंनी लॉट भरला, दोनदा तपासला, पाठवला. नंबर आला.

“बघितलंत?” मी म्हणालो. “नीट केलं की जातं.”

“आत्ता जाणारच की सर,” त्या म्हणाल्या. “सकाळी जात न्हाय. मी रोज हेच तर सांगतीय.”

मी मॅनेजरांकडं बघून भुवया उंचावल्या. त्यांनीही उंचावल्या. दोन पुरुषांमधला हा व्यवहार बाईंनी खुर्चीत बसून बघितला. पर्स उचलली, स्कूटीची किल्ली काढली आणि गेल्या.

संध्याकाळी ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला. यंत्रणेत दोष नाही. चूक ऑपरेटरच्या हाताळणीत आहे. संबंधित ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण द्यावं किंवा काम बदलून द्यावं. तीन वाक्यं. आमचे पुण्याचे सल्लागार ह्याच गोष्टीला वीस पानं आणि रंगीत आकृत्या घालतात, म्हणून मला माझ्या थोडक्यात लिहिण्याचा फार गर्व आहे. काम बदलून द्यावं हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं नव्हतं. ते माझ्याच मनचं.

दुसऱ्या दिवशीपासून बाईंना लेबल चिकटवायच्या टेबलावर उभं केलं आणि सकाळच्या खुर्चीत भाचा बसला. दुपारी कुणीतरी दुसरा.

दोन दिवसांनी मॅनेजरांचा फोन. आवाज चढलेला. तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय, दोन दिवस झाले, सकाळी एक निरोप जात नाही, उद्या सातच्या आत इथं हजर व्हा, नाहीतर दुसरी कंपनी बघतो.

मी फोन ठेवला आणि आधी मनसोक्त तुच्छ लेखून घेतलं. बाई बसल्या होत्या तेव्हा दोष हाताचा होता. भाचा बसला तर दोष सॉफ्टवेअरचा. ह्या माणसाला शर्ट पांढरा ठेवता येतो, बाकी काही जमत नाही, असं मी सहकाऱ्याला सांगितलं. बाईंच्या हाताचा दोष मी लिहून दिला होता, हे त्या बोलण्यात माझ्या लक्षात आलं नाही. ते रात्री जेवताना लक्षात आलं. मग मी ते घासाबरोबर पाणी पिऊन ढकललं.

सकाळी पावणेसहाला निघालो. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत, शिव्या देत, पॅकहाऊसच्या फाटकाशी पोचलो. जीपमधून बायका उतरत होत्या आणि उतरल्या उतरल्या पळत होत्या. डब्याची पिशवी छातीशी धरून, चपला हातात घेऊन सुद्धा एक जण पळत होती. फाटकाजवळ हजेरीचं यंत्र होतं, त्यावर अंगठा टेकवायचा. यंत्रावर सात वाजून चार मिनिटं झाली होती. फाटकावर बसणारे एक म्हातारे आबा होते, ते वहीत उशिराची नावं लिहीत होते.

मी उशिरा आलो म्हणून मनातल्या मनात कारण जुळवत मोबाइल काढला. मोबाइलवर सहा चोपन्न.

“आबा, तुमचं घड्याळ पुढं आहे,” मी म्हणालो.

“हायच की. धा मिंटं म्होरं असतं त्ये,” आबा वहीतून मान वर न करता म्हणाले. “साहेब सकाळी आल्या आल्या करत्यात, म्हंजी बाया येळेत येत्यात. दोनला सुट्टी व्हायच्या आधी पुना मागं घेत्यात, न्हायतर धा मिंटं आधीच जातील न्हवं.”

मी विचारलं, हे कोणकोणाला माहीत आहे. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की ह्या माणसाला कुणी पाठवलंय. सगळ्यांनाच माहीत होतं. झाडणाऱ्या बाईला माहीत होतं.

हजेरीचं यंत्र वेळ घ्यायचं ते मॅनेजरांच्या केबिनमधल्या मोठ्या कॉम्प्युटरकडून. आमचं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं ते त्याच कॉम्प्युटरवर. प्रत्येक निरोपावर आमचं सॉफ्टवेअर तो कितीला निघाला ती वेळ घालतं, आणि पलीकडचा कॉम्प्युटर ती वेळ ताडून बघतो. जुना निरोप कुणी चोरून पुन्हा पाठवू नये म्हणून ही काळजी. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की तो निरोप घेतच नाही. दहा मिनिटांनंतर लिहिलं जाणारं पत्र आत्ता हातात आलं तर कोण घेईल? सकाळी सात ते दोन, पॅकहाऊसमधून निघणारा प्रत्येक निरोप असा पुढच्या वेळेचा होता. दोनच्या आधी मॅनेजर घड्याळ मागं घ्यायचे, आणि भाच्याच्या हाताला गुण यायचा.

माझ्या सगळ्या तपासण्या त्याच कॉम्प्युटरच्या वेळेनं चाललेल्या, आणि त्याही दुपारच्या. नोंदीत सगळं एकमेकांशी जुळत होतं. खोटं घड्याळ स्वतःशी कधीच भांडत नाही.

केबिनमध्ये जाऊन मी घड्याळ नीट केलं. भाच्यानं बटण दाबलं. नंबर आला. मी मॅनेजरांना कारण सांगितलं. त्यांना राग येईल, शरम वाटेल, काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही मोबाइल टेबलावर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “घड्याळाचं कागदावर नको. फाटकाला मी येगळं घड्याळ लावतो.”

म्हणजे बायकांची दहा मिनिटं जात राहणार होती, फक्त आता त्यात माझ्या सॉफ्टवेअरचा अडथळा नव्हता. माझ्या आयुष्यात मला माणसांचा तिटकारा अनेकदा आला, पण इतका शांत, इतका सावरलेला नीचपणा मी पहिल्यांदाच समोर बसलेला पाहत होतो. मी म्हणालो, माझ्या आधीच्या अहवालात ऑपरेटर बाईंवर ठपका आहे, तो काढायला लागेल. ते म्हणाले, यादी परवाच गेली. कुणाचं नाव गेलं हे त्यांनी सांगितलं नाही, भाच्याच्या पाठीकडं बघितलं.

मी तिथूनच आमच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिही, यंत्रणेची वेळ जुळवून घेतली, सेवा सुरळीत. कुणी बदलली, कधीपासून, कशाला, हे आपलं काम नाही. गिऱ्हाईक दुखवू नको. मी पाच मिनिटं वाद घातला. सहाव्या मिनिटाला तसंच लिहून दिलं. वेळ जुळवून घेतली, सेवा सुरळीत. दोन वाक्यं, म्हणजे पहिल्यापेक्षाही थोडक्यात. बाईंवरचा ठपका त्यांच्या फायलीत राहिला तो राहिलाच. इतकी वर्षं ज्या माणसांना मी पायपुसण्याच्या लायकीचं समजत आलो, त्यांच्यातल्या कुणी मला हे करताना बघितलं असतं, तर ओळखीनं हसला असता.

दहाला चहाची सुट्टी झाली तेव्हा मी लेबलांच्या टेबलाशी गेलो. बाई टोपी आणि ॲप्रन घालून उभ्या होत्या, बोटांना डिंकाचे तुकडे चिकटलेले. बाकीच्या बायका चहाला गेल्या, त्या थांबल्या. मी चूक माझी होती असं म्हणालो. त्यांनी विचारलं, कशी. मी घड्याळाचं सांगितलं. त्यांना कळेना, की घड्याळाचा आणि निरोपाचा काय संबंध.

मग मी एका रिकाम्या खोक्याच्या झाकणावर पेनानं काढून दाखवलं. निरोप कसा बांधला जातो, त्यावर सही कशी होते, वेळ कुठं बसते, पलीकडचा काय ताडून बघतो. त्यांनी मधेच मला थांबवलं आणि विचारलं, वेळ मागं असली तरीपण असंच होईल का. मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, लाइट जाऊन कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि वेळ चुकली तर ते आपल्याला आधी कसं कळावं, म्हणजे निरोप पाठवायच्या आधी. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत माझ्या ऑफिसातल्या कुणी विचारला नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय नाही. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ती करायला पाहिजे.

झाकणावरची जागा संपली. चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची होती, तेवढ्यात सगळं झालं होतं.

“निरोपात येळ जाती हे ठाऊक असतं,” त्या म्हणाल्या, “तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, सर. हितलं घड्याळ म्होरं असतं हे कुणाला म्हाईत न्हाय?”

मी म्हणालो, मी सगळं व्यवस्थित लिहून देतो तुम्हाला, शिकण्यासाठी, पुढं उपयोग होईल. हे बोलताना माझ्या खिशात त्या दोन वाक्यांची माझ्याच सहीची प्रत होती. त्यांनी झाकण हातात घेतलं, मी काढलेलं सगळं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि मला परत दिलं.

“आता कळून काय करू?” त्या म्हणाल्या.

बायका चहा पिऊन परत येत होत्या. बाईंनी लेबलांचा रोल पुढं ओढला आणि पहिलं खोकं जवळ घेतलं. लेबलवरचा नंबर भाच्यानं सकाळी मागवलेला होता.